आवाजाला नाव द्या



आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. लग्नात आलेला हंडा असो की साधा तांब्या, कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणत्या तारखेला दिला, हे त्यावर कोरलेले असते. त्यामुळे शेजारणीकडे गेलेले पातेले वीस वर्षांनीही ओळखू येते आणि घरी परतते. मात्र ज्या आवाजांनी आपल्या आईबापांना जागे केले, त्या आवाजांवर आपण नाव घालत नाही. कॅसेट असते, मोबाईल असतो, कॉम्प्युटर असतो. आत आवाजही असतो. पण तो कोणाचा, कुठला आणि केव्हाचा, हे कुठेच लिहिलेले नसते. त्याची केवढी किंमत मोजावी लागते, ते आमच्याच घरात घडले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

दहा बाय दहाची खोली

नारायणगावला माझ्या भाच्याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय दहाची खोली. भिंतींना जुन्या गोधड्या, एक कॉम्प्युटर, एक माईक, एक कीबोर्ड आणि कोपऱ्यात ऑक्टोपॅड. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाईंनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. त्याच दिवसांत आपल्या वस्त्यांवर चौदा एप्रिलची तयारी चालू असते. म्हणजे मार्च लागला की पोराला जेवायला फुरसत नसते. कोणाला नव्या भीमगीताचा ट्रॅक हवा असतो, कोणाला बेंजो पार्टीसाठी हलगीचा लूप.

त्याचे चुलते घोडेगावकडच्या एका वस्तीत राहत. आम्ही सगळे त्यांना 'शाहीर' म्हणायचो. दिवसा मजुरी आणि रात्री जलसा, असा त्यांचा जन्म गेला. त्यांच्या गाण्याच्या दोन कॅसेटी होत्या. १९९१ साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेल्या. भाच्याने २०१९ मध्ये त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. सगळ्यांना समाधान वाटले. काम झाले, असे मानून त्यातली एक कॅसेट, जिची पट्टी सारखी अडकायची, आम्ही टाकूनही दिली. टाकणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

पुढे शाहीर गेले. पुण्यानुमोदन आणि जलदान विधीला त्यांचाच आवाज लावावा, असे सगळ्यांच्या मनात आले. आदल्या रात्री आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो. आत साडेचार हजारांवर फाईली. नावे पाहा: 'न्यू', 'न्यू १', 'फायनल', 'फायनल फायनल', 'ऑडिओ ३', 'ढोलकी मस्त', 'दादाचा ट्रॅक'. शाहिरांचे आडनाव टाकून शोधले, काही नाही. 'भीम' टाकून शोधले, तर तीनशे फाईली आल्या. पहाटे तीनला एक जुने काम सापडले. त्यावर तारीखही जुळत होती. उघडले तर पडद्यावर गाण्यांची चौकट दिसली, पण आत आवाजच नाही. फाईल जागेवर नाही, असा निरोप. दोन वर्षांपूर्वी नवा कॉम्प्युटर घेताना भाच्याने छोटी फाईल उचलून आणली होती. खरा आवाज ज्या फोल्डरमध्ये होता, तो जुन्या हार्डडिस्कवर राहिला आणि ती डिस्क भंगारात गेली होती.

दुसऱ्या दिवशी विधी झाला, पण शाहिरांच्या आवाजाविना झाला.

काकूंचा कान

आठ दिवसांनी शाहिरांच्या पत्नी स्वतः नारायणगावला आल्या. शिक्षण म्हणाल तर सही येते एवढेच. भाच्याला म्हणाल्या, "तू लाव एकेक. मी ऐकते."

भाचा म्हणाला, "काकू, हजारो हायेत."

"मग काय झालं? मला कुठं कामाला जायचंय आता?"

तीन संध्याकाळी त्या हेडफोन लावून बसल्या. भाचा प्रत्येक फाईलचे पहिले पाच-सात सेकंद वाजवायचा, त्या मान हलवायच्या. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला 'न्यू फायनल २' नावाची फाईल लागली. गाणे सुरू व्हायच्या आधी कोणीतरी दोनदा घसा खाकरला, तुणतुण्याची तार एकदाच छेडली आणि हलकेच म्हणाले, "हं, चला." काकूंनी हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले. "ह्योच. असंच खाकरायचे ते."

शोधयंत्राला नावाची अक्षरे कळतात. माणसाला आवाज कळतो. त्या फाईलला नाव असते, तर काकूंना तीन दिवस बसावे लागले नसते. पण काकू बसल्या नसत्या, तर त्या आवाजाला नाव कधीच मिळाले नसते. या लेखात मला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे.

गोष्ट इथे संपत नाही. भाच्याने लगेच फाईलला नाव दिले आणि पुढे 'गीत व गायन' म्हणून शाहिरांचे नाव लिहिले. काकूंनी विचारले, "काय लिहिलंस?" त्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "गाणं त्यांचं न्हाई. गायलंय त्यांनी. शेवटचं कडवं कुठं हाय?" शेवटचे कडवे नव्हतेच. कॅसेटची बाजू तीस मिनिटांनी संपली होती आणि गाणे मध्येच तुटले होते. काकूंनी ते कडवे तिथेच म्हणून दाखवले. त्यात कवीचे नाव होते. मुंबईच्या गिरणीत काम करणारा कोणी एक भीमसैनिक. शाहीर त्याच्याकडून गाणे शिकले होते. त्याचे घरचे लोक आज कुठे आहेत, काकूंना ठाऊक नाही. पण नाव मात्र ठाऊक होते.

भाच्याने नाव बदलले. गायक वेगळा, कवी वेगळा. काकूंच्या तोंडचे कडवेही त्याने रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवले.

शाहिरांना हे ठाऊक होते

आपल्या शाहिरांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण नाव हरवण्याची भीती त्यांना चांगली ठाऊक होती. म्हणून तर त्यांनी कवीचे नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यातच बसवले. याला नाममुद्रा म्हणतात. मंचर, नारायणगाव, संगमनेर करत जो रस्ता नाशिकला जातो, त्याच रस्त्यावर सिन्नर आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. पुढे २००४ साली निधन होईपर्यंत त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि वस्त्यावस्त्यांत जाऊन गायली. ती गाणी कितीजणांच्या तोंडी गेली, कितीजणांनी कॅसेटवर भरली, याचा हिशेब नाही. तरीही 'वामन' ही मुद्रा कडव्यात असल्याने गाणे आपल्या धन्याचे नाव सांगत फिरते.

मात्र शेवटचे कडवेच कापले, तर? आज तेच होते आहे. डीजेला तीन मिनिटांचा तुकडा हवा असतो. मोबाईलवर तीस सेकंद पुरतात. कडवे जाते, त्याबरोबर नाव जाते आणि मग गाण्याखाली 'पारंपरिक' असे लिहिले जाते. ज्या गाण्याचा कवी आपल्या आजोबांच्या पंगतीला बसून जेवला, ते गाणे पारंपरिक कसे? 'पारंपरिक' हा शब्द विचार करून वापरावा. कवी ठाऊक नसेल, तर 'कवी माहीत नाही, शोध चालू' असे लिहावे. ते प्रामाणिक आहे.

यात व्यवहारही आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे टिकतो. तो वारसांकडे जातो. ज्यांच्या वडिलांनी उपाशीपोटी गाणी लिहिली, त्यांच्या मुलांना हा हक्क सांगायचा, तर हे गाणे वडिलांचे, एवढे तरी कुठे नोंदलेले हवे.

वही आणि क्रेट

आता रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. घरोघरीच्या स्टुडिओत रीपर, एफएल स्टुडिओ, क्यूबेस, एबलटन लाइव्ह, ऑडॅसिटी अशी सॉफ्टवेअर वापरतात. ज्यांची मुले या कामात आहेत, त्या आईबापांनीही हे समजून घ्यावे. अवघड काही नाही.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आडत्याच्या वहीत कोणाचे किती क्रेट आले, याची नोंद असते. ती वही घरी नेली म्हणून टोमॅटो घरी येत नाहीत. तसेच इथे आहे. गाण्याचे काम करताना सॉफ्टवेअर जी प्रोजेक्ट फाईल बनवते, ती बहुतेक वेळा वही असते. ढोलकी अमुक फोल्डरमधून घ्यायची, आवाज तमुक फोल्डरमधून घ्यायचा, इथे कापायचे, तिथे वाढवायचे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. आवाज वेगळ्या ठिकाणी असतो. फोल्डरचे नाव बदलले, पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर बदलला, की वहीला क्रेट सापडत नाहीत. आमचे नेमके हेच झाले.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्येच असतो. काम संपले की सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये गोळा करून जतन करायचे. एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' अशी आज्ञा आहे. रीपरमध्ये 'सेव्ह ॲज' करताना सर्व आवाज प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण करता येते. एफएल स्टुडिओत सगळे मिळून एक झिप गाठोडे बांधता येते. ऑडॅसिटीत पूर्वी छोटी फाईल आणि आवाजाचा फोल्डर वेगवेगळे असत. २०२१ च्या ३.० या आवृत्तीपासून दोन्ही एकाच फाईलमध्ये राहतात. तुमच्याकडे त्याआधीचे काम असेल, तर फाईल आणि फोल्डर दोन्ही जागेवर आहेत ना, हे आजच पाहा.

नाव कसे द्यावे

शाहिरांच्या प्रसंगानंतर भाच्याने जी शिस्त लावली, ती सांगतो. प्रत्येक फाईलच्या नावात पाच गोष्टी, नेहमी याच क्रमाने: तारीख, गाव, गायक, गाण्याचे पहिले दोन शब्द आणि अनुक्रमांक.

तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९९१-०४-१४ असे. आपण बोलताना उलटे बोलतो, पण वर्ष पुढे असले की कॉम्प्युटर आपोआप जुन्यापासून नव्यापर्यंत रांग लावतो. अनुक्रमांक १, २ न लिहिता ०१, ०२ असा लिहावा. नाहीतर पुष्कळ यंत्रांत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. तारीख माहीत नसेल, तर नुसते वर्ष लिहावे. वर्षही नक्की नसेल, तर 'अंदाजे' हा शब्द जोडावा.

भाषेचा घोळ मोठा आहे. ऑक्टोपॅड, मिक्सर, गाडीतला प्लेअर यांपैकी कित्येकांना मराठी अक्षरे दाखवता येत नाहीत, चौकोन दिसतात. म्हणून स्टुडिओवाले रोमन अक्षरांत नावे लिहितात. त्यात 'भीम' हा शब्द एकजण 'आय' वापरून लिहितो, दुसरा दोनदा 'ई' वापरून, तर तिसरा शेवटी 'ए' जोडून 'भीमा' करतो. कॉम्प्युटरला अक्षरे जुळली तरच कळते. एका स्पेलिंगने शोधले की बाकीची सापडतीलच असे नाही. मराठीत लिहिले तरी 'भीम' दीर्घ आणि 'भिम' ऱ्हस्व ही दोन वेगळी नावे होतात. म्हणून घराने किंवा पार्टीने एक स्पेलिंग ठरवावे, ते भिंतीवर लिहून चिकटवावे आणि सगळ्यांनी तेच पाळावे. आणखी एक. जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेली यादी शोधायला उपयोगी पडत नाही. पडद्यावर मराठी दिसले तरी आत भलतीच अक्षरे असतात. यादी युनिकोडमध्ये करावी. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो, ते युनिकोडच असते.

वाद्यांचे डबे

ज्या मुलांकडे ढोलकी, हलगी, दिमडी, संबळ, ताशा यांचे शेकडो तुकडे असतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. बाहेरून घेतलेल्या संग्रहांत आपली सगळी वाद्ये 'इंडियन' म्हणून एकाच डब्यात कोंबलेली सापडतात. आपल्या स्वयंपाकघरात हळद, मीठ आणि साखर एका डब्यात ठेवतो का? प्रत्येक वाद्याचा वेगळा फोल्डर करावा. त्यात तालाप्रमाणे पोटफोल्डर. नावात मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम, हा आकडा लिहावा. सूर असलेले वाद्य किंवा आवाज असेल, तर पट्टी लिहावी. पांढरी एक, काळी दोन, काळी चार, ही आपली पेटीवाल्यांची भाषा पुरेशी आहे.

आता सॉफ्टवेअरमध्ये टॅग, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, लावायचीही सोय असते. २०२४ साली आलेल्या एबलटन लाइव्हच्या १२ व्या आवृत्तीत तर एका आवाजासारखे दुसरे आवाज शोधून मिळतात. सोय चांगली आहे. पण ते यंत्र ढोलकीसारखी ढोलकी शोधील. ती कोणी वाजवली, हे त्याला कोण सांगणार? आणि चिठ्ठ्या बहुधा त्या सॉफ्टवेअरपुरत्या असतात. सॉफ्टवेअर बदलले की त्या मागे राहण्याची भीती असते. फाईलचे नाव फाईलबरोबर जाते. म्हणून आधी नाव आणि मग चिठ्ठ्या.

दगडावरची नोंद

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, गरिबाला एवढा खटाटोप कशाला? त्यांनी एकदा जुन्नरला जाऊन यावे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दानाच्या नोंदी ब्राह्मी अक्षरांत कोरल्या आहेत. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके आणि मंडप दिल्याची नोंद आहे. दाता कोण, कोणाचा अमात्य, गोत्र कोणते, काय दिले आणि वर्ष ४६, हे सारे थोड्या शब्दांत आहे. पण तिथे फक्त अमात्यच नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले, तेही लिहिले आहे. दुरून आलेल्या इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, तेही लिहिले आहे. जवळजवळ दोन हजार वर्षे झाली. देणाऱ्यांचे हाडमांस उरले नाही. पण कोणी काय दिले, हे आजही वाचता येते, कारण ज्या वेळी दिले त्याच वेळी लिहिले.

आपल्या शाहिरांनी समाजाला आवाज दिला. तेही दानच आहे. त्याच्या नोंदीला दगड फोडायचा नाही, दहा-बारा शब्द लिहायचे आहेत.

हे काम मोठ्या प्रमाणावर करता येते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावे, तीन हजारांवर बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात बेर्नार बेल हे फ्रेंच जाणकार सोबतीला आले आणि हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. एवढ्या लाखात एक ओवी कशी सापडते? प्रत्येक ओवीला क्रमांक आहे, विषयाप्रमाणे वर्गवारी आहे, आणि ती कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, याची नोंद आहे. म्हणूनच २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाला त्या ओव्या बाईच्या नावागावासह इंटरनेटवर मांडता आल्या. जिचे नाव रेशनकार्डापलीकडे कुठे गेले नव्हते, तिचा आवाज आज तिच्या नावानिशी जगभर ऐकता येतो. ज्यांनी त्या ओव्या जमवल्या, त्यांनी बाईला 'एक ग्रामीण स्त्री' म्हणून मोकळे केले नाही. हे शिकण्यासारखे आहे.

या रविवारी काय करावे

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. घरातल्या मुलाने किंवा मुलीने पुढाकार घ्यावा, पण वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे.

१. घरातल्या जुन्या कॅसेटी शोधा. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या खुंट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जात नाही. हे आधी करा.

२. कॅसेट उतरवताना टेपरेकॉर्डरपुढे मोबाईल धरू नका, वायर जोडा. मूळ आवाज वेव्ह फाईलमध्ये घ्या. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाच्या कॅसेटला सहाशेच्या आसपास. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अशा शंभरेक कॅसेटी मावतात. जागेची सबब राहत नाही.

३. मूळ फाईलला हात लावू नका. खरखर काढायची असेल, तर तिची नक्कल करून नकलेवर काढा. शाहिरांचे खाकरणे भाच्याने इतर गाण्यांतून 'साफ' केले होते. या एका फाईलमध्ये ते राहून गेले, म्हणून शाहीर सापडले.

४. एक दोनशे पानी वही घ्या. रकाने पाडा: क्रमांक, तारीख, ठिकाण, गायक, कवी, साथीदार, गाण्याचे पहिले शब्द, मूळ कॅसेट कोणती आणि माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना विसरू नका. काकूंनी सांगितले, असे लिहिले की उद्या शंका आली तर कोणाला विचारायचे, ते कळते. जे माहीत नाही, तिथे 'माहीत नाही' लिहा. अंदाजाने नाव घालू नका.

५. नवीन रेकॉर्डिंग करताना सुरुवातीला तोंडाने सांगा: आज अमुक तारीख, अमुक वस्ती, गाणार अमुक, गीत अमुक यांचे, ढोलकीवर अमुक. जलशात निवेदक सांगतो तसे. फाईलचे नाव कोणी बदलले, तरी आतला आवाज स्वतःचे नाव सांगेल. हीसुद्धा नाममुद्राच.

६. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. दोन घरात, वेगवेगळ्या डिस्कवर. तिसरी दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा मुलाच्या घरी. ज्या घरात पाणी शिरते, त्या घरातल्या दोन्ही डिस्क एकदम भिजतात. व्हॉट्सॲपवर गाणे पाठवायचे असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग आवाजाची प्रत कमी होत नाही.

७. मूळ कॅसेट टाकू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दोन कॅसेटींपैकी टाकून दिलेल्या कॅसेटवर कोणती गाणी होती, ते काकूंना आठवते. वहीत त्यांनी सांगितलेल्या अकरा गाण्यांचे पहिले शब्द लिहून ठेवले आहेत. त्यापुढे 'आवाज उपलब्ध नाही' असे लिहावे लागले. हे तीन शब्द लिहिताना भाच्याचा हात थांबला होता. उरलेल्या कॅसेटवरचे ते एक गाणे मात्र या चौदा एप्रिलला वस्तीवर लावले. आधी निवेदन झाले. गायकाचे नाव, तुणतुण्याचे, ढोलकीचे आणि गिरणीत काम करणाऱ्या त्या कवीचे. गाणे जिथे तुटते, तिथे काकू उभ्या राहिल्या आणि शेवटचे कडवे त्यांनी स्वतः म्हटले.

कोण जाणे, गर्दीत त्या कवीचा एखादा नातू उभा असेल. आपल्या आजोबांचे नाव त्याने ऐकले असेल. नसेल, तर पुढच्या वर्षी ऐकेल. फाईलवर नाव आहे, आता ते हरवणार नाही.

तांब्यावर नाव घालताना आपण कासाराला पैसे देतो. आवाजावर नाव घालायला पैसे लागत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी दोन तास बसावे लागते. ते माणूस आहे, तोवर बसा.

जय भीम!